खोलीत कोण बसलंय? : इंडियन ओशन आणि आमचा मोडलेला बँड

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले थोडे अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल, नाहीतर आईनं सांगितलेलं काम टाळून कुठेतरी कोपऱ्यात बसला असाल, आधी इअरफोन नीट लावा. आजचा विषय कानाचाच आहे.

सुरुवात एका गाण्यापासून करू. 'मसान' सिनेमातलं 'तू किसी रेल सी'. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी ते कधी ना कधी स्टेटसला ठेवलं असणार. उरलेल्या अर्ध्यांनी कुणालातरी पाठवून ब्ल्यू टिकची वाट बघितली असणार. मीही ठेवलंय, मीही पाठवलंय. ते गायलंय स्वानंद किरकिरे यांनी, शब्द वरुण ग्रोवर यांचे. पण संगीत कुणाचं? 'इंडियन ओशन' नावाच्या दिल्लीतल्या एका बँडचं.

'मसान' आला २०१५ मध्ये. हा बँड सुरू करणारी मूळ दोन माणसं होती, आणि २०१५ पर्यंत त्या दोघांपैकी एकही बँडमध्ये उरलं नव्हतं. एक जग सोडून गेला होता, दुसरा बँड सोडून गेला होता. तरीही ते गाणं ऐकताना जुने चाहते म्हणाले, अरे, हे तर इंडियन ओशनचंच!

मग बँडचा साउंड म्हणजे नक्की काय असतं? माणसं बदलली तरी तो टिकतो कसा? आणि काही बँड्सना माणसं तीच, वाद्यं महागडी, सगळं असून साउंड सापडतच नाही, ते का?

हा दुसरा प्रश्न मी उगाच विचारत नाहीये. आमचा बँड त्यातलाच होता.

तर आधी तो कबुलीजबाब उरकून घेतो.

मी मूळचा शहाद्याचा, नंदुरबार जिल्हा. इंजिनिअरिंगला नाशिकला आलो. दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर आम्ही चौघापाचांनी बँड काढला. दोन गिटार, एक बेस, एक ड्रमवाला. आणि एक मित्र होता, ज्याच्या घरी जागरण-गोंधळाची परंपरा. तो संबळ वाजवायचा. संबळ माहितीये ना? कमरेला बांधलेली जोडी, एक बारीक तडतडणारं, एक घुमणारं, दोन काठ्यांनी वाजवतात. हा गडी हॉस्टेलच्या स्टीलच्या बादल्या उलट्या घालून त्यावर असा काही वाजवायचा की वरच्या मजल्यावरची पोरं खाली यायची.

दोन महिने तो आमच्याबरोबर बसला. गॅदरिंगच्या आठ दिवस आधी आम्ही त्याला सांगितलं की तू नको. 'रॉक बँडमध्ये संबळ कशाला? लोकांना वाटेल वरातीचा बँड आलाय.' हे वाक्य माझं होतं. दुसऱ्या कुणाचं नाही. तो काही बोलला नाही. 'बरं' म्हणाला आणि खाली मेसला जेवायला गेला.

गॅदरिंगला आम्ही तीन इंग्रजी गाणी वाजवली. जशीच्या तशी, म्हणजे आमच्या मते जशीच्या तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कशा? पुढचा डान्स सुरू व्हायच्या आधी वाजवतात तशा. सहा महिन्यांत बँड बंद पडला. भांडण झालं नाही, काही नाही. वाजवायला आपलं असं काही नव्हतंच, मग बंद करायलाही काही कारण लागलं नाही.

हे डोक्यात ठेवा. आता दिल्लीला जाऊ.

१९८० चं दशक. तेव्हा आपल्याकडे कॉलेजच्या फेस्टिवलमध्ये रॉक बँड म्हणजे बहुतेक वेळा एकच अर्थ असायचा, बाहेरच्या मोठ्या बँड्सची गाणी वाजवणारी पोरं. डीप पर्पल, लेड झेपलिन. कोण किती हुबेहूब वाजवतो, त्यावर तो किती भारी. इंटरनेट नव्हतं, कॅसेट घासून घासून सूर काढायचे, त्यामुळे हुबेहूब वाजवणं ही खरोखरच कसरत होती. मी तिला नावं ठेवत नाही.

पण दिल्लीत सुस्मित सेन नावाचा एक गिटारवाला होता, त्याला दुसऱ्याचं वाजवण्यात रस नव्हता. त्याच्या कानावर लहानपणापासून हिंदुस्थानी संगीत पडलेलं. आणि असीम चक्रवर्ती नावाचा तबलावाला होता. १९८४ च्या सुमारास हे दोघं एकमेकांना भेटले. पुढे दोघं मिळून वाजवू लागले आणि १९९० मध्ये बँडला आकार आला. नाव ठेवलं इंडियन ओशन. डेमो कॅसेट झाली, आणि १९९३ मध्ये एचएमव्हीनं पहिला अल्बम काढला. अल्बमचं नावही तेच, 'इंडियन ओशन'.

आता ही जोडी नीट बघा. गिटार आणि तबला. रॉक बँडची सुरुवात लोक कशी करतात? आधी ड्रम, मग बेस, मग जोरात वाजणारी इलेक्ट्रिक गिटार. इथे मुळातच उलटं. तबला आधी आहे, आणि बाकी सगळ्यांना त्याच्याभोवती जागा करून घ्यायचीय. नंतर येऊन चव वाढवणारं लोणचं नाही तो. ताटातला भात आहे.

त्यामुळे गिटारसुद्धा वेगळी वाजते. सुस्मितची गिटार ऐका. फार कर्कश नाही, आवाज फाटलेला नाही. बऱ्याच ठिकाणी एखादी तार मोकळी घुमत राहते, तंबोऱ्यासारखी, आणि तिच्या अंगावरून सुरावट चालत जाते. तबल्याबरोबर वाजायचं म्हटल्यावर गिटारला ओरडून चालत नाही. ओरडली तर तबला गेलाच.

तेव्हा असं नाही झालं की कुणीतरी ठरवलं, चला, शास्त्रीय संगीत चाळीस टक्के, रॉक साठ टक्के. खोलीत जी दोन माणसं बसली होती, त्यांना जे येत होतं ते त्यांनी वाजवलं. मिश्रण नंतर लोकांनी म्हटलं.

१९९१ मध्ये तिसरा आला, राहुल राम. बेस गिटार. आणि या माणसाची गोष्ट आपल्याकडे येऊन पोचते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

राहुल राम आयआयटी कानपूरचा, पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांच्या अभ्यासात पीएचडी. म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनं एकदम सेट. आणि हा परत येऊन काय करतो? नर्मदा बचाव आंदोलनात जातो. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत तो खोऱ्यात काम करत होता आणि त्याच काळात बँडमध्ये बेसही वाजवत होता.

नर्मदा म्हटलं की आपल्याला मध्य प्रदेश आणि गुजरात आठवतं. पण सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातलीही ३३ गावं आली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातली. मणिबेली हे त्यातलं एक, आंदोलनाच्या इतिहासात ज्याचं नाव सारखं येतं ते. डोंगरातून उठवलेल्या लोकांच्या पुनर्वसनाच्या वसाहती खाली सपाटीवर झाल्या, आमच्या शहादा-तळोद्याच्या बाजूला. माझ्या शाळेत त्या वसाहतीतली पोरं होती. आम्ही त्यांना 'वसाहतवाले' म्हणायचो. त्यांच्या घरी नदीची कुठली गाणी म्हणतात, हे दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

राहुल रामनं विचारलं. निदान ऐकलं तरी. खोऱ्यात त्याच्या कानावर नर्मदेचं एक लोकगीत पडलं आणि ते त्यानं बँडमध्ये आणलं. तेच 'मा रेवा'. रेवा म्हणजे नर्मदा. ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बँड मोडून वर्ष झालं होतं. हॉस्टेलवर कुणाच्या तरी लॅपटॉपवर लागलं होतं. बेस गिटार आहे, ड्रम आहेत, सगळं रॉकचं आहे, आणि मध्येच अशी चाल, जी आमच्या गावाकडच्या रस्त्यावर ऐकू आली तरी कुणी मान वळवून बघणार नाही इतकी ओळखीची. मला आधी आनंद नाही झाला. आधी राग आला. आमच्या सातपुड्याच्या पलीकडची नदी, आणि तिचं गाणं दिल्लीचा बँड वाजवतोय! मग पाच मिनिटांनी कळलं की राग त्यांच्यावर नाहीये.

असो. पुढे जाऊ.

१९९४ मध्ये अमित किलम आला, ड्रमवर. वयानं बाकीच्यांपेक्षा बराच लहान. आणि इथे खरी तांत्रिक गंमत सुरू होते. तुमच्यापैकी जे वाजवतात त्यांनी इथे कान द्या.

तबला आणि ड्रमसेट एकत्र वाजवणं हे सोपं काम नाही. पहिली अडचण आवाजाची. ड्रमसेट काठीनं वाजतो, तबला बोटांनी. एका खोलीत दोन्ही ठेवले तर तबला दिसेल, ऐकू येणार नाही. माइक वाढवला तर तो शिट्टी मारायला लागतो. दुसरी अडचण जागेची. डग्ग्याचा घुमारा, ड्रमचा पायानं वाजणारा मोठा ढोल आणि बेस गिटार हे तिघंही खालच्या पट्टीत राहतात. तिघं एकदम बोलले की नुसती गडगड होते, शब्द एकही कळत नाही. तिसरी अडचण सुराची. तबला एका सुरात लावलेला असतो. गाण्याचा सूर बदलला की तबला पुन्हा लावा, नाहीतर दुसरा घ्या. ड्रमवाल्याला ही कटकट नाही.

यावर उपाय काय? एकच. वाजवणाऱ्यानं न वाजवणं शिकणं. अमितचे ड्रम ऐका, कितीतरी वेळा तो मागे आहे. झांजेवर हलकं चाललंय, तबला बोलतोय, आणि जिथे गाणं चढतं तिथेच ड्रम पूर्ण ताकदीनं आत येतात. त्यामुळे ते चढणं जाणवतं. सुरुवातीपासून धडाधडा वाजवलं असतं तर चढायला जागाच उरली नसती. शिवाय हा गडी गबगुबीसुद्धा वाजवतो. बंगालच्या बाउल गायकांच्या हातात असते ना, काखेत धरून तार ओढून वाजवायची, ती. ड्रमवाल्यानं ड्रम सोडून गबगुबी घ्यावी, हे आमच्या बँडमध्ये कुणाला सुचलं असतं तर आम्ही त्यालाही काढून टाकलं असतं.

तर चौकडी झाली. सुस्मित, असीम, राहुल, अमित. पुढची साधारण पंधरा वर्षं हेच चौघं. आणि स्टेजवरचं चित्र असं, की असीमदा मांडी घालून बसलेले, समोर तबला, तोंडापुढे माइक, तबला वाजवता वाजवता गाणारे. करून बघा कधीतरी. एका हातानं ताल द्या आणि त्यावर वेगळ्याच वजनाचं गाणं म्हणा. हात आणि गळा एकमेकांचे पाय ओढतात. त्यांच्या बाबतीत ते एकाच शरीरातून येत होतं, म्हणून त्या गाण्याला एक वेगळा दम आहे. गाणं ठेक्यावर ठेवलेलं वाटत नाही, ठेक्यातून उगवलेलं वाटतं.

१ जानेवारी १९९७. दिल्लीत मंडी हाउसजवळ 'सहमत' या संस्थेचा कार्यक्रम. सफदर हाश्मी या पथनाट्य करणाऱ्या कलावंतावर १९८९ मध्ये १ जानेवारीलाच नाटक चालू असताना हल्ला झाला होता, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या आठवणीत हा कार्यक्रम होतो. तिथे इंडियन ओशन वाजवलं आणि त्याच वादनाचा अल्बम झाला, 'डेझर्ट रेन'. म्हणजे स्टुडिओत बसून, चुकलं की पुन्हा, असं नाही. लोकांसमोर जसं वाजलं तसं. आज आपण एका रीलसाठी सतरा टेक घेतो, त्या हिशेबानं हे जरा ऐकण्यासारखं आहे.

आणि मग २००० साल, 'कंदीसा'. या बँडचा कुठला एकच अल्बम ऐकायचा असेल तर हा ऐका. यात 'मा रेवा' आहे, नर्मदेचं. यात 'हिल्ले ले' आहे, गोरख पांडे या कवीचं, भोजपुरीतलं, चळवळीतलं. आणि यात 'कंदीसा' आहे, जे केरळच्या सीरियन ख्रिश्चन लोकांच्या चर्चमधल्या प्रार्थनेवरून घेतलंय. त्याची भाषा सीरियाक, म्हणजे अरामाइकचाच एक प्रकार. अरामाइक ही येशूच्या काळातली भाषा. पुढे २००३ च्या 'झीनी'मध्ये कबीर आले.

आता मला सांगा, नर्मदेकाठचं लोकगीत, भोजपुरी क्रांतिगीत, अरामाइक प्रार्थना आणि कबीर, हे सगळं एकाच बँडनं वाजवलं तर खिचडी व्हायला पाहिजे. होत नाही. का होत नाही?

माझं उत्तर सांगतो. फ्यूजन म्हणून जे आपण बऱ्याचदा ऐकतो ना, त्यात गाणं एका ठिकाणी असतं आणि 'आपली मातीची चव' दुसऱ्या ठिकाणी. कडवं संपलं की चार सेकंद बासरी. किंवा मध्येच एकदा ढोलकी, की परत गिटार. पाहुण्याला हॉलमध्ये बसवून चहा देतात तसं. पाहुणा स्वयंपाकघरात येत नाही. इंडियन ओशनमध्ये बाहेरून आलेलं प्रत्येक गाणं त्याच चौघांच्या हातातून जातं. तोच तबला, तीच मोकळी तार, तोच मागे थांबणारा ड्रम, आणि तिघाचौघांचे गळे एकदम. घाई नाही. आठ आठ, दहा दहा मिनिटं गाणं चालतंय तर चालू दे. भाषा कुठलीही येऊ दे, घर तेच आहे. म्हणून पाहुणा घरचा होतो.

आणि हो, सगळंच काही गंभीर नाही. त्यांच्या एका रचनेचं नाव 'गोइंग टू आयटीओ' असं आहे. आयटीओ म्हणजे दिल्लीतला एक गजबजलेला चौक. आपल्याकडे कुणीतरी 'चाललो द्वारका सर्कलला' नावाची रचना करावी तसं. लोकल असणं म्हणजे फक्त फेटा आणि नऊवारी नाही. तुम्ही रोज ज्या सिग्नलला अडकता, तोही लोकलच.

आपल्या मुंबईशीही या बँडचं एक नातं आहे. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांवर अनुराग कश्यप यांनी 'ब्लॅक फ्रायडे' केला, हुसेन झैदी यांच्या पुस्तकावरून. त्याचं संगीत इंडियन ओशनचं. सिनेमा कोर्टात अडकला आणि २००७ मध्ये थिएटरला लागला, पण त्यातलं 'बंदे' हे गाणं त्याच्या आधीच पोरांच्या तोंडी झालं होतं. शब्द पियूष मिश्रा यांचे. स्फोटांवरच्या सिनेमाला बँडनं दणदणाट करायला किती वाव होता! पण 'बंदे' सुरू होतं ते जवळजवळ समजावल्यासारखं. आवाज चढतो तो नंतर. तेच जुनं शहाणपण, चढायला जागा ठेवायची.

आता जरा अवघड भाग.

दिल्लीतल्या करोल बागेत एक जुनं घर होतं. तिथे हे लोक वर्षानुवर्षं सराव करायचे. त्या घराचा पत्ता, १६/३३० खजूर रोड. पुढे त्यांनी अल्बमचं नावच ते ठेवलं. आणि २०१० मध्ये तो अल्बम विकला नाही. महिन्याला एक गाणं, इंटरनेटवर, फुकट. घ्या आणि ऐका. तेव्हा स्पॉटिफाय आपल्याकडे नव्हतं हे लक्षात घ्या.

पण तो अल्बम लोकांपर्यंत पोचायच्या आधीच असीम चक्रवर्ती गेले. २५ डिसेंबर २००९. हृदयविकार. त्या गाण्यांमध्ये त्यांचा आवाज आहे, तबला आहे. म्हणजे लोकांना महिन्यामागून महिना एका गेलेल्या माणसाचं नवीन गाणं मिळत होतं. त्याच वर्षी जयदीप वर्मा यांनी या बँडवर केलेली 'लीव्हिंग होम' ही डॉक्युमेंटरी थिएटरमध्ये लागली. त्यात चौघं आहेत, हसतायत, वाजवतायत.

बँडनं काय करावं? माझ्या मनात हा प्रश्न फार घोळतो. कारण एखादा वादक गेला तर दुसरा आणता येतो. पण जो तबल्यावर बसून गातो, ज्याच्याभोवती बाकी सगळ्यांनी जागा केली होती, तोच गेला तर?

बँडमध्ये दोन माणसं आली. तबल्याला तुहीन चक्रवर्ती, गायला हिमांशू जोशी. एकाच्या जागी दोन. मला या हिशेबात बरंच काही दिसतं. असीमदांसारखा दुसरा शोधून आणा, असं त्यांनी केलं नाही. तसा मिळणार नव्हताच. रिकामी जागा जशी होती तशी मान्य केली आणि मग बघितलं की आता खोलीत कोण बसू शकतं.

२०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले, गिटारवर निखिल राव आले. २०१४ ला 'तंदानू' आला, त्यात शुभा मुद्गल, शंकर महादेवन यांच्यासारखे पाहुणे. २०१५ ला 'मसान'. २०२३ ला 'तू है'. काही जुने चाहते अजूनही म्हणतात, आमचं इंडियन ओशन २००९ ला संपलं. मला त्यांचं म्हणणं कळतं. सुस्मितच्या गिटारची ती मोकळी घुमणारी तार नंतरच्या गाण्यांत तशी नाही. हिमांशू यांचा गळा वेगळा आहे, जास्त उंच जाणारा. फरक आहे, तो नाकारायचं कारण नाही.

पण सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर आता सांगतो. साउंड म्हणजे वाद्यांची यादी नाही. रॉक अधिक तबला अधिक लोकगीत, असं गणित तर कुणीही मांडू शकतं. साउंड म्हणजे खोलीत जी माणसं बसलीयत त्यांना काय येतं, आणि बाकीचे त्याच्यासाठी किती थांबतात. ही थांबायची सवय त्या बँडनं सोडली नाही. म्हणून 'तू किसी रेल सी' ऐकताना ओळख पटते. गाण्याला श्वास घ्यायला जागा आहे.

आणि आमच्या बँडला साउंड का सापडला नाही, तेही यातच आलं. आमच्या खोलीत एकच माणूस होता ज्याला असं काही येत होतं जे आजूबाजूच्या दहा कॉलेजांत कुणाला येत नव्हतं. त्यालाच आम्ही मेसला पाठवलं. कारण आम्ही खोलीत कोण बसलंय हे बघत नव्हतो. आम्ही भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होतो.

दोन महिन्यांपूर्वी मी त्याला फोन केला. सात वर्षांनी. तो नाशिकलाच आहे, अंबडला एका कंपनीत शिफ्टमध्ये. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग मी सांगितलं, की तेव्हा तुला काढलं ते चुकलं. माझंच वाक्य होतं ते, आणि मला ते अजून आठवतं.

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मला पण आठवतं ना रे. वरातीचा बँड." आणि मग म्हणाला, "तुला आत्ता सुचलं होय?"

मी म्हटलं, हो, आत्ता सुचलं. मी उशिराच येतो, तुला माहितीये.

संबळ त्याच्या घरी माळ्यावर होतं. वडील थकले, गोंधळाला आता चुलतभाऊ जातात. त्यानं ते खाली काढलं, चामडं सैल पडलं होतं, ते करून आणलं. मागच्या तीन रविवारी आम्ही बसलो. मी, तो आणि आमचा जुना बेसवाला.

आता तुम्हाला वाटत असेल की मी सांगणार, काय भारी वाजलं! नाही वाजलं. संबळ हे मोकळ्या अंगणात, उभं राहून, अख्ख्या गावाला ऐकू जावं म्हणून वाजवायचं वाद्य आहे. दहा बाय बाराच्या खोलीत त्यानं पहिली काठी मारली आणि माझी गिटार बुडाली. पहिल्या रविवारी शेजारच्या काकू येऊन गेल्या. दुसऱ्या रविवारी आम्ही चादरी लावल्या. तबल्याच्या अगदी उलट अडचण आहे आमची. तिथे सगळ्यांना हळू व्हावं लागलं, इथे मला कळत नाही की माझ्या सहा तारा याच्यापुढे कशा उभ्या करू.

पण तिसऱ्या रविवारी एक गोष्ट झाली. मी वाजवायचं थांबवलं आणि नुसतं ऐकलं. त्याच्या डाव्या बाजूचं जे घुमणारं आहे, त्याला एक सूर आहे. मी माझी खालची तार त्या सुराला उतरवली. आणि मोकळी सोडली. दीडेक मिनिट ते नीट वाजलं. मग पुन्हा घोळ झाला. पण ते दीड मिनिट आमचं होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पुढच्या रविवारी त्याची नाइट शिफ्ट आहे, त्यामुळे त्याच्या पुढच्या रविवारी बघू.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. या क्रमानं ऐका. आधी 'मा रेवा'. मग 'कंदीसा'. मग 'बंदे'. आणि शेवटी 'तू किसी रेल सी' पुन्हा एकदा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, डग्गा ऐकूच येणार नाही. इअरफोन लावा, आणि प्रत्येक गाण्यात एकच गोष्ट शोधा, आत्ता या क्षणाला कोण थांबलंय? कोण दुसऱ्याला वाजवू देतंय?

आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणी असेल, बादली वाजवणारा, आजीच्या ओव्या म्हणणारी, भजनात पेटी धरणारा, ज्याला तुम्ही 'हे आपल्या बँडमध्ये नको रे' म्हटलं असेल, तर त्याला फोन करा. सात वर्षं लावू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.